होडीची नाळ आणि उतरता हुक

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हुक आहे आणि मी वाकडा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मांडवीच्या किनाऱ्यावर मला पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच म्हणतो.

माझा एक दांडा गाडीच्या मागच्या चौकोनी नळीत शिरतो. तिथून मी सरळ खाली उतरतो आणि मग पुन्हा मागे वळतो. त्या टोकाला एक लोखंडी गोळा आहे. त्या गोळ्यावर ट्रेलरची वाटी बसते. गाडी उंच आणि ट्रेलर बुटका असला की दोघांच्या उंचीतला फरक मी अंगावर घेतो. वर्कशॉपमध्ये मला ड्रॉप हिच म्हणतात. माझे मालक, मच्छीमार भागोजी, यांच्या घरात मात्र मी आलो तो अपराधी म्हणूनच.

रत्नागिरीच्या एमआयडीसीत दीपेशचे वर्कशॉप आहे. तिथे मला जाड लोखंडातून कापले, जोडले आणि काळा रंग दिला. फळीवर माझ्या एका बाजूला कमी उतरणारा भाऊ होता, तर दुसऱ्या बाजूला खूप खाली उतरणारा, लांबडा. गिऱ्हाईक यायचे, लांबड्याकडे कौतुकाने बघायचे. मी मधला. मधल्याकडे कोण बघतो?

एके दिवशी भागोजींचा पुतण्या संदेश आला. काकांची होडी पावसाळ्यात पावस गावी घराजवळ ठेवलेली असायची. ती ट्रेलरवरून मांडवीला न्यायची होती. पूर्वी बुटकी जीप आणि तिचा सरळ हुक हे काम करत. आता संदेशने पिकअप घेतली होती. वर तिला मोठे टायर बसवले होते, त्यामुळे आत बसायचे म्हणजे चढावेच लागे.

त्याने लांबड्याकडे बोट दाखवले. "हा दे. दणकट दिसतोय."

"दिसतोय खरा," दीपेश म्हणाला. "पण तुझ्या ट्रेलरची वाटी जमिनीपासून किती उंच?"

"असेल गुडघ्याएवढी."

"कुणाच्या गुडघ्याएवढी? तुझ्या, की वहिनीच्या?"

संदेश हसला. मग दीपेशने त्याला नीट समजावले. होडी आणि इंजिन ट्रेलरवर असू दे. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा कर, त्याची दांडी आडवी झाली की वाटीची उंची मोज. मग गाडीत नेहमीचा भार ठेवून नळीची उंची मोज. या दोन उंचींत जेवढा फरक, तेवढाच खाली उतरणारा हुक घे. "लांबडा उगाच नेलास तर उताराच्या तळाशी जमिनीला घासेल. आणि हुक जेवढा लांब, तेवढा त्याला पीळ जास्त."

दुसऱ्या दिवशी संदेश माप घेऊन आला. ते माझे माप होते. मला कोणी रूपावर निवडले नाही, मापावर निवडले. याचा मला आजही ताठा आहे आणि तो मी लपवत नाही.

पण पावसला वेगळेच घडले. तिथे माडांखाली होडी ट्रेलरवरच ठेवताना तिच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, ट्रेलरच्या दांडीला लाकडाच्या ओंडक्याचा टेकू देत. त्यामुळे आत पडलेले पावसाचे पाणी मागच्या भोकातून वाहून जाई. रीत शहाणपणाची होती. पण वर्षांमागून वर्षे गेली, पाण्याचा हिशेब मागे पडला आणि उरला तो फक्त मान. होडी घरातली थोरली, जमिनीवर तिची नाळ कधी झुकवायची नाही, असे भागोजींच्या घरात पक्के ठरून गेले.

संदेशने ओंडका काढला, मला बसवले आणि ट्रेलर जोडला. होडी अगदी सपाट झाली. भागोजी ओरडले.

"ह्ये काय केलंस? मान खाली घातलीस तिची!"

"काका, खाली नाय हो, सपाट झाली ती."

"माझ्या बापाने नाळ झुकू दिली नाय. तू कोण मोठा शहाणा लागून गेलास?" त्यांनी ट्रेलर सोडवला, दांडीखाली पुन्हा ओंडका सारला आणि जीपचा जुना हुक नळीत घातला. "हे बघ, कसा बरोबर बसतो!"

बसणारच. ओंडक्याने ट्रेलरच वर उचलला होता. मला त्यांनी पिकअपच्या हौद्यात जाळ्यांवर भिरकावले. आता सांगा मित्रांनो, वाकडे कोण होते?

श्रावणातली दुपार होती. मांडवीला भरती लागणार होती आणि त्या पाण्यावर होडी उतरवायची होती. होडी म्हणजे त्या घराचे वर्षभराचे पोट. ती मोडली, तर अख्खा हंगाम बुडाला. भागोजींच्या पत्नी कमळाबाई, भागोजी आणि संदेश पुढे बसले. मी मागे, जाळ्यांवरून सगळे बघत होतो.

नाळ ऐटीत आभाळाकडे गेली होती. इंजिनाचा सगळा भार मागे गेला होता. सरळ हुकाच्या गोळ्यावर ट्रेलर हलका पडला होता. सपाट रस्त्यावर ते कोणाला कळले नाही. भाट्याच्या पुलाकडे जाणारा उतार लागला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. आधी थोडा, मग एवढा की पिकअपचा मागचा भागही त्याच्यासोबत ओढला जाऊ लागला.

"संदेश, ब्रेक!" भागोजी किंचाळले.

"ब्रेक नको काका, उलटेल!" त्याने पाय अलगद काढला, स्टिअरिंग घट्ट धरले. गाडी हळूहळू थांबली. ट्रेलरचे एक चाक गटाराच्या काठावर होते. होडी शाबूत होती, एवढेच.

कमळाबाई खाली उतरल्या. चाकाकडे बघितले, नाळेकडे बघितले.

"रस्ता खराब हाय," भागोजी पुटपुटले.

"रस्ता कालपण हाच होता. मला एक सांगा, पाण्यात नाळ अशी आभाळाला लागली तर तुम्ही काय करता?"

"जाळी पुढं सरकवतो."

"कशाला?"

भागोजी वाकून ट्रेलरचे चाक चाचपू लागले.

"कशाला, सांगा की! मी आपली बाजारात मासळी विकणारी, मला होडीतलं काय कळतंय?"

"मागं भार झाला की होडी ऐकत नाय, म्हणून."

"मग आता ऐकते काय?"

मागून एक एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. भागोजी तरीही नाळेकडेच बघत राहिले. मग हौद्यावर चढले आणि स्वतःच्या हातांनी मला जाळ्यांतून बाहेर काढले. संदेशने चाकांना दगड लावून ट्रेलर सोडवला. भागोजींनी मला नळीत घातले, पिन ठोकली, साखळ्या अडकवल्या. मला त्यांनी नमस्कार वगैरे केला नाही. "वाकडं मेलं," एवढेच म्हणाले.

चालेल. वाटी माझ्या गोळ्यावर बसली तेव्हा हवा तेवढा भार माझ्यावर आला आणि मी तो पेलला. आम्ही पूल ओलांडला. होडी पाण्यावर असते तशीच सपाट होती, आणि भरती ओसरायच्या आत ती मांडवीला पाण्यात उतरली. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या त्या संदेशच्या उंच पिकअपसाठी. मला कोणी विचारले नाही.

तेव्हापासून दरवर्षी मी ती होडी नेतो-आणतो. काळा रंग कधीच उडाला. खाऱ्या वाऱ्याने अंगावर पापुद्रे आले. काम झाले की मला पडवीत फेकतात, माझ्यावर मांजर झोपते. गेल्या हंगामात शेजारच्या दीपकने मला त्याच्या बुटक्या जीपसाठी मागितले.

"एक दिवसापुरता द्या हो काका. हुक तो हुक."

म्हातारे भागोजी खाटेवरून उठले. "तुझ्या गाडीला हा चालायचा नाय. आधी ट्रेलर सपाट करून मोज, मग तुझ्या मापाचा हुक आण. तुझी होडी रस्त्यावर लोळवायला माझा हुक मिळणार नाय."

मित्रांनो, मला हार नको. काम झाल्यावर गोड्या पाण्याने अंगावरचे मीठ धुवा, गोळ्याला ग्रीस लावा, पिन आणि साखळ्या तपासा. टायर बदललेत, गाडी बदललीत, तर पुन्हा मोजा. मी मापात बसलो नाही तर खुशाल बाजूला ठेवा. पण तुमच्या ऐटीसाठी मला अर्धा इंचही वर यायला सांगू नका. मी येणार नाही.