फातमाचा कातळ

दोन आठवड्यांपूर्वी जहिरा लेकीच्या बाळंतपणासाठी रेडीला गेली, तेव्हा खाडीतला भराव सरळ होता. लाल माती आणि चिऱ्याचे तुकडे टाकून केलेला, डंपर जाईल एवढा रुंद रस्ता किनाऱ्यावरून निघून थेट पलीकडच्या काठाकडे तोंड करून होता. काल संध्याकाळच्या एसटीने ती परत आली. आज सकाळी दहाच्या सुमारास मुलाचा डबा घेऊन खाडीवर गेली, तर भरावाने मधेच डावीकडे वळण घेतलेलं. त्याचं टोक कुठे जाऊन थांबलंय ते तिने पाहिलं.

टोक फातमाच्या कातळाला भिडलं होतं.

आता हा कातळ म्हणजे कातळ नव्हे, हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. जहिराची सासू फातमा हयातभर या खाडीत कालवं काढायची. कालवांना चिकटायला काहीतरी टणक लागतं, आणि इथे तर नुसता चिखल. म्हणून फातमाने आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी वर्षानुवर्षं एकाच जागी फुटके चिरे, कौलांचे तुकडे आणि रिकाम्या शिंपल्या टोपल्यांनी आणून ओतल्या. त्यावर कालवं बसली, त्या कालवांवर आणखी बसली, आणि ओहोटीला उघडा पडणारा, अंगणाएवढा एक टणक थर तयार झाला. बायका थट्टेने त्याला फातमाचा कातळ म्हणू लागल्या. फातमा गेली, थट्टाही विरली, नाव तेवढं राहिलं. थर जेमतेम हातभर जाड. पेजेवर साय धरते तसा तो धरलेला, आणि खाली सगळी पेजच.

बाईचं आणि तिच्या टोपलीचं वजन तो मुकाट्याने पेलतो. कडेला मात्र पाय ठेवायचा नाही. जहिराने लग्न झाल्या वर्षीच ठेवला होता. बघता बघता कमरेपर्यंत गेली. खालून कुणीतरी पाय धरून ओढतंय असं वाटत होतं आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. सासूने वेणीला धरून बाहेर काढलं आणि वर दोन थोबाडीत दिल्या. त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण ती भीती जहिराच्या अंगातून गेली नाही. पोटासाठी रोज चिखलात उतरणारी ही बाई कातळाच्या कडेपासून चार हात लांब राहूनच काम करायची.

आणि त्या टोकाकडे आता खांबांसाठी भोकं पाडायचं मशीन निघालं होतं. चेनवर चालणारं, साठ टनांचं, काठावरच्या माडांहून उंच. ते चालवत होता तिचा शाहनवाज.

चूक जहिराचीच होती. महिन्याभरापूर्वी साईट इंजिनिअर ओमकार तिच्याकडे आला होता. सांगलीकडचा पोरगेलासा माणूस, चिखलाला भिऊन पाय उचलून उचलून टाकणारा. पुलाच्या खांबाची जागा वरून ठरून आली होती. तिथपर्यंत मशीन नेण्यासाठी भराव कुठून घालायचा, एवढंच त्याला बघायचं होतं. "मावशी, ती जागा काय आहे?" त्याने बोट दाखवून विचारलं. साहेब विचारतोय म्हणून जहिराने आपलं ठेवणीतलं मराठी काढलं आणि म्हणाली, "तो कातळ आहे, साहेब." त्याने लोखंडी सळई खुपसून पाहिली. ठक्क करून ती अडली. झालं. त्याने मोबाईलमधल्या नकाशावर खूण करून कातळ असं लिहून घेतलं.

तिच्याबरोबर कालवं काढणारी डोरथी घरी पोचेपर्यंत हसत होती. "गो जहिरा, तुज्या सासूचो कातळ सरकारी नकाशार गेलो," असं म्हणत होती. जहिरालाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. त्या जागेला तिने आयुष्यात दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलीच नव्हती. कातळ हा कातळ नाही, असं कोणाला सांगावं लागेल हे तिला सुचणार तरी कसं?

पूल तिलाही हवा होता. नवरा नुरुद्दीन छातीत दुखतंय म्हणाला, तेव्हा खाडीला वळसा घालून ओरोसच्या दवाखान्यात नेईपर्यंत दीड तास मोडला, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. सागरी महामार्गाचा पूल मंजूर झाला तेव्हा निम्म्या गावाने विरोध केला. जहिरा त्यात नव्हती. याच पुलामुळे कतारमध्ये क्रेन चालवणारा तिचा मुलगा घरी परत आला होता आणि घरापासून हाकेच्या अंतरावर कामाला लागला होता. कालवं काढणं बायकांचं काम; तो चिखलात कधी उतरलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखीही कातळ म्हणजे कातळच.

भरावाखाली चिखलात डोरथी वाकून खायच्या शिंपल्या, तिसऱ्या, वेचत होती. जहिराने वरूनच तिला विचारलं, "तू ह्या बगलंस आणि गप रवलंस?"

"माका वाटला, शिकलेली माणसां ती. तेंका कळणा नाय?" डोरथी म्हणाली. मग तिने जहिराचा चेहरा पाहिला आणि हातातली टोपली खाली ठेवली.

भरावाच्या कडेने चिखलातून बुडबुडे येत होते. एक फुटला की त्याच्या शेजारी दुसरा. खालचा गाळ दाबला जातोय आणि वाट शोधतोय, हे वाचायला जहिराला नकाशा लागत नव्हता.  ती भरावावरून पळत सुटली.

ओमकार मशीनच्या पुढे लाल झेंडी घेऊन उलट्या पावलांनी चालत होता. जहिराने त्याला गाठलं. "साहेब, मशीन थांबवा. तो कातळ नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं ना मावशी, कातळ आहे म्हणून?"

"नाव कातळ आहे. कातळ नाही."

ओमकारने तिच्याकडे असं पाहिलं, की आपण वेड्यासारखं बोललो हे तिलाच कळलं. तिने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. शिंपल्या, टोपल्या, सासू, असं काय काय. पण भीतीने ठेवणीतलं मराठी पार पळून गेलं होतं आणि तिचं मालवणी इंजिनच्या धडधडाटात त्याला अर्धंही कळत नव्हतं.

"परवा गावातले लोक येऊन काम बंद पाडून गेले. आज तुम्ही आलात," तो म्हणाला. "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, तुम्ही तरी कुणाचं ऐकून येऊ नये. मी स्वतः सळई घालून बघितलंय. चार दिवस डंपर येतायत, जातायत. आज मशीन टोकाला उभं राहिलं नाही, तर उद्या मी इथे नसेन." हे शेवटचं वाक्य तो हळू बोलला. घाबरलेला तोही होता, फक्त त्याची भीती दुसऱ्या दिशेला बघत होती.

जहिराने मान वर केली. काचेच्या केबिनमध्ये शाहनवाज बसला होता, कानांवर आवाज अडवणारे डबे लावून. तिने दोन्ही हात हलवले. त्याने तिच्या हातातला डबा पाहिला, हसला आणि एक बोट दाखवलं. एक वाजता जेवतो, असं त्याचं म्हणणं होतं. मशीन पुढे सरकत राहिलं.

त्या क्षणी जहिराला जी भीती वाटली तशी भीती तिला नवऱ्याच्या वेळीही वाटली नव्हती. तेव्हा काय होणार हे माहीत नव्हतं. इथे सगळं माहीत होतं. कुठे फुटेल, किती वेळात आत जाईल, वर किती चिखल येईल, सगळं. माहीत असलेली भरावावर ती एकटी, आणि तिच्या सांगण्याला किंमत नाही. सांगून भागत नसेल तर दाखवायला हवं, आणि दाखवायचं म्हणजे काय करायचं हेही तिला माहीत होतं. तिच्या पायांनी आधीच नकार दिला होता. 

तिने डबा भरावावर ठेवला, भरावाच्या टोकावरून खाली कातळावर उतरली आणि चालत गेली. शिंपल्या चपलेखाली करकरल्या. कड आली. ज्या कडेपासून तीस वर्षं ती चार हात लांब राहिली होती तिथे ती उभी राहिली, डोळे मिटून अल्लाहचं नाव घेतलं आणि उजवा पाय पुढे टाकला.

गुडघा गेला. मग मांडी. डावा पाय आपोआप मागून आला. कमरेला थंडगार चिखल लागला आणि तीस वर्षांपूर्वीचं ते ओढणं पायांना पुन्हा जाणवलं. या वेळी मात्र आवाज फुटला. इतका फुटला, की पलीकडच्या कांदळवनातले बगळे उडाले.

ओमकारने वळून पाहिलं. त्याने नकाशावर कातळ लिहिलं होतं तिथून चार पावलांवर एक बाई छातीपर्यंत चिखलात होती.  तो झेंडी फेकून, दोन्ही हात पसरून मशीनच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

मशीन थांबलं. शाहनवाज इंजिन बंद न करताच खाली उडी मारून धावला, आणि जहिराची भीती दुप्पट झाली. "येव नको," ती ओरडली. "थंयच रव. कडेक पाय घालू नको."

तो कातळाच्या मधोमध खिळल्यासारखा थांबला. पुढचं काम डोरथीने केलं. भरावाच्या कडेला पडलेली एक लांब फळी तिने ओढत आणली, चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पालथी पडली आणि जहिराच्या काखेत हात घातले. शाहनवाजने डोरथीचे पाय धरले. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग चिखलाने मोठा आवाज करून जहिराला सोडलं. चपला आतच राहिल्या.

तोवर ओमकारने सळई आणली होती. महिन्याभरापूर्वी ठक्क झालं होतं तिथेच त्याने ती टेकवली आणि वर घणाचा एक घाव घातला. दुसऱ्या घावाला थर फुटला. सळई त्याच्या मुठीतून निसटली, सरळ खाली गेली आणि दिसेनाशी झाली. ती पुरुषभर उंच होती. ओमकार त्या भोकाकडे बघत तसाच वाकून राहिला.

"मी मशीन मागे घेतंय," शाहनवाज म्हणाला आणि उठला.

 जहिराने चिखलाने माखलेल्या दोन्ही हातांनी त्याची पोटरी धरली. तो सोडवायला गेला तर तिने गालही त्या पोटरीला टेकवला आणि सगळं वजन टाकलं. तीन मिनिटांचं काम आहे, तो सांगत होता. एवढ्या किमतीचं मशीन आहे, सांगत होता. ती सोडत नव्हती.

"राहू दे," ओमकार म्हणाला. "शाहनवाज, तू चढू नकोस. सगळे किनाऱ्याकडे चला."

ते मशीनला वळसा घालून निघाले. शंभर पावलं गेले असतील नसतील, मागे माती घसरल्याचा आवाज झाला. मशीन डाव्या अंगाला कललं, जरा थांबलं, आणि मग भरावाची ती बाजू घेऊन आडवं झालं. केबिन आधी आत गेली. इंजिन थोडा वेळ चिखलाखालून घरघरत होतं, मग तेही बंद पडलं.  ओमकार मटकन खाली बसला आणि त्याने खिशातून मोबाईल काढला, पण फोन कोणाला लावला नाही.

 शाहनवाजने आईला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. "अम्मी, डोरथी नसती तर? तू बुडलंस असतंस तर?"

 जहिराने पदराने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसायला घेतला, पदरच चिखलाचा होता, त्याने तोंड आणखी माखलं.

"मी बुडलंय असतंय," ती म्हणाली, "तरी तू मशीनवरसून खाली उतरलंस असतंस मा."