कॅप्टनचा हिरवा कोट

मित्रांनो, मी एक जुने, जाड पुठ्ठ्याचे नाताळचे वार्षिक आहे. वार्षिक म्हणजे वर्षातून एकदाच निघणारे मुलांचे पुस्तक. माझा जन्म यॉर्कशरमधल्या एका छापखान्यात झाला. त्या काळी टीव्हीवर 'अखेरच्या ताऱ्याचे पहारेकरी' नावाची अंतराळातल्या साहसांची मालिका चालू होती. तिच्यावरच मला बेतले होते. माझ्या पोटात चित्रकथा आहेत, कोडी आहेत, आणि चंद्रावर काय खावे याची माहितीही आहे. ती माहिती लिहिणारा गृहस्थ चंद्रावर कधी गेला नव्हता, पण त्याचे काही अडले नाही.

माझी चित्रे काढणाऱ्याचेही तसेच. त्याच्या घरी टीव्हीच नव्हता. स्टुडिओने त्याला काळेपांढरे फोटो पाठवले आणि पंधरवड्यात चित्रे मागितली. बिचाऱ्याने कॅप्टन टॅरनचा कोट गडद हिरवा रंगवून टाकला. कुणी विचारले नाही, आणि मी तसेच छापले गेले. आता मला काय ठाऊक, अंतराळात कोणत्या रंगाची फॅशन आहे ते?

नाताळच्या आधी एडिथबाईंनी मला विकत घेतले. घरी नेताच त्यांनी कात्री घेतली आणि माझ्या पहिल्या पानाचा किंमत छापलेला कोपरा कचकन कापला. भेटीची किंमत दिसू नये, अशी तिकडची रीत. दुखले तर खरे, पण वाईट वाटले नाही. किंमत गेल्याखेरीज मी कुणाची भेट कशी होणार?

मी भेट झाले एव्हरिलची. ती एडिथबाईंची भाची, नऊ वर्षांची, गुडघे कायम खरचटलेले. तिची आई मेव्हिस सूतगिरणीत कामाला होती. त्यांच्या घरचा टीव्ही काळापांढरा, आणि त्यावर पहारेकऱ्यांचे यान नेहमी बर्फातून चालल्यासारखे दिसे. त्यामुळे एव्हरिलला सगळे रंग माझ्यातूनच कळले. ती मला उशीशी घेऊन झोपायची. इतके प्रेम माझ्यावर पुन्हा कुणी केले नाही.

जूनच्या जत्रेत मुलांची वेषभूषा स्पर्धा असे. एव्हरिलने जाहीर केले, "आई, मी कॅप्टन टॅरन होणार. परी नको, मेंढपाळीण नको. कॅप्टन!"

मेव्हिसने माझे मुखपृष्ठ निरखून पाहिले. मग उठून बैठकीच्या खोलीतला चांगला हिरवा मखमली पडदा काढला आणि सरळ कात्री लावली. शेजारीपाजारी उघड्या खिडकीतून डोकावू लागले. "डोकावू देत," मेव्हिस म्हणाली, "आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे?" गिरणीतून आल्यावर ती रोज माझ्याकडे बघत बघत शिवत बसायची. पितळी बटणेही तिने दोन बस बदलून शहरातून आणली.

जत्रा शनिवारी होती. गुरुवारी एव्हरिल मला घेऊन मावशीकडे गेली. एडिथबाईंनी त्याच आठवड्यात भाड्याने रंगीत टीव्ही आणला होता आणि त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. मालिका सुरू झाली. कॅप्टन टॅरन यानातून उतरला. त्याचा कोट लालभडक होता.

एव्हरिलने एकदा टीव्हीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग तिने मला मिटून मांडीखाली ठेवले. त्या क्षणी मला फार लाज वाटली, मित्रांनो. घरी दारात मेव्हिस तयार कोट हातात धरून उभी होती. "घालून बघ गं, बाह्या लांब झाल्यात का?" एव्हरिलने कोट अंगात घातला आणि म्हणाली, "अगदी बरोबर झालाय, आई."

शनिवारी बँड वाजत होता. एव्हरिल हिरवा कोट घालून, मला काखेत घेऊन रांगेत उभी राहिली. तेवढ्यात एडिथबाईंचा मुलगा रॉडनी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "अगं येडे, कॅप्टनचा कोट लाल असतो! हा तर मावशीचा पडदा!"

पोरे फिदीफिदी हसली. एव्हरिलचे कान तापले. तिने मागे वळून पाहिले. मेव्हिस सँडविचचा डबा छातीशी धरून उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

एव्हरिलने मला उघडून रॉडनीच्या नाकासमोर धरले. "हे बघ. हिरवा! बिघडलाय तुमचा टीव्ही. जा, परत करा दुकानात!"

"ऐकलंस का गं, मेव्हिस, तुझ्या पोरीची जीभ!" एडिथबाई फणकारल्या.

मेव्हिसने पुढे होऊन लेकीची कॉलर नीट केली. बक्षीस एका परीला मिळाले.

पुढे मालिका संपली. स्टुडिओने तिच्या फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम उतरवले. एव्हरिल मोठी झाली, लग्न करून गेली. मी माळ्यावर पडले. उंदरांनी माझी कोडी कुरतडली. त्यांना ती सुटली असावीत.

परवा, इतक्या वर्षांनी, नव्वदीच्या मेव्हिसचे घर आवरायला एव्हरिल आली. आईला आता लहान जागेत राहायला जायचे होते. एव्हरिलने मला दान करायच्या खोक्यात टाकले. मेव्हिसने हात घालून मला बाहेर काढले, मांडीवर ठेवले आणि पुष्कळ वेळ मुखपृष्ठ चोळत बसली.

"एव्हरिल, एक सांगू? तो कोट लालच होता."

एव्हरिलचा हात थांबला.

"बटणं आणायला गेले ना, तेव्हा टीव्हीच्या दुकानाच्या काचेतून रंगीत टीव्हीवर दिसलं. पण पडदा कापून झाला होता. म्हटलं, पोरीला कळलं तर घालायची नाही. त्या रॉडनीने तोंड उघडलं आणि वाटलं, संपलं सगळं. पण तू त्याला असं ठणकावलंस, की माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटले! हिला काही पत्ताच नाही."

"आई," एव्हरिल हळूच म्हणाली, "मला गुरुवारीच कळलं होतं."

"कळलं होतं? आणि तरी घातलास?"

"तू पडदा कापला होतास ना."

मग मेव्हिसला हसू फुटले, एव्हरिललाही, आणि हसता हसता दोघींचे डोळे वाहू लागले. हा सगळा काळ दोघींनी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवून ठेवली होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे फाटके, चुका असलेले पुस्तक असेल. ते टाकायच्या आधी एकदा आईच्या मांडीवर ठेवून बघा. आणि ती नव्वदीची होईपर्यंत थांबू नका.