फळीवरचा एकच फुगा

मित्रांनो, त्या संध्याकाळी फळीवर बहात्तर फुगे होते. आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ. टेबलावर छर्‍यांची डबी, तेलाची बुधली, एक फडके आणि मी. मी एक जुनी छर्‍यांची बंदूक आहे. जिंतूर, येलदरी, सेलूकडच्या जत्रांत मी फुगे फोडते.

माझे मालक सटवाजी यांनी मला हैदराबादहून आणले. माझ्या नळीच्या टोकावर लोखंडाची बारीक कणी आहे, तिला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती पाहून नेम धरायचा. सटवाजी रोज माझी नळी पुसत, सांध्याला तेल देत. दुकान मांडले की पहिला फुगा स्वतः फोडत आणि मगच मला गिऱ्हाइकाच्या हाती देत.

ते वारले. दुकान त्यांची बायको बायनाबाई आणि सून सृष्टी चालवू लागल्या. पहिला फुगा फोडून पाहायचे मात्र राहून गेले. एकदा टेम्पोत माझ्यावर फळ्या पडल्या आणि माशी उजवीकडे सरकली. हे कुणाला कळले नाही, मलाही नाही. जत्रेत कोणताही फुगा फुटला तरी नेम लागला असेच मानतात. भरलेल्या फळीवर चुकलेला छर्राही शेजारचा फुगा फोडतो, आणि मारणारा म्हणतो, “त्योच धरला होता!”

त्या संध्याकाळी फळी रिकामी होत गेली. शेवटी दोनच फुगे उरले, एकमेकांपासून लांब. महारुद्र नावाच्या तरुणाचे सगळे छर्रे वाया गेले.

“मावशे, बंदूक वाकडी हाय. तुझ्या मालकानंच वाकवली असंल, लोकायला फसवायला.”

“त्यायचं नाव घेऊ नको, बाबा.”

“मग तू फोडून दाव की!”

बायनाबाईंनी मला उचलले. त्यांचाही नेम चुकला. लोक हसले. महारुद्र भज्यांच्या गाड्याकडे निघून गेला.

“सृष्टे, उद्या हिला भंगारात दे. मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लावायली ही.”

“थांबा, आत्याबाई. चुकायली हे खरं. पण कशी चुकायली, ते तर बघू.”

सृष्टीने उरलेले दोन फुगे काढले आणि फळीवर कोरा कागद लावून मध्ये ठिपका काढला. मला वाळूच्या पिशवीवर टेकवून तिने पाच छर्रे मारले. पाचही छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, पण ती ठिपक्याच्या साडेसहा सेंटीमीटर डावीकडे होती.

“बघा, दर बारीला एकाच जागी मारायली. नळी नीट हाय, माशीच सरकली असंल.”

“मग माशी ठोक उजवीकडं. छर्रा डावीकडं जायलाय न्हवं?”

सृष्टीने हातोडीने हलकेच ठोकले. पुढचे छिद्र अकरा सेंटीमीटर डावीकडे पडले.

“अगं, आणखी बिघडवलीस!”

“बिघडली न्हाई. उलटं ठोकायचं, हे सांगितलं तिनं.”

मलाही ते तेव्हाच उमगले. माशी उजवीकडे असली की तिला खाचेसमोर आणायला नळीच डावीकडे वळवावी लागते. सृष्टीने माशी डावीकडे ठोकत नेली आणि सांध्याला तेल दिले.

मग ठिपक्यावर एक फुगा लावून बायनाबाईंनी भज्यांच्या गाड्याकडे हाक मारली, “ये रे भाद्दर! एकच फुगा हाय. शेजारी कुणी न्हाई. मालकाच्या नावानं फुकट मार.”

महारुद्र हात पुसत आला.

मित्रांनो, तो नेम धरतो आहे तोवर एवढेच सांगते. माझ्यासारखीला कोरडी ठेवा, तेल द्या आणि गंमत म्हणूनही कुणावर रोखू नका. आणि एखाद्या वस्तूला वाकडी म्हणण्याआधी तिच्यापुढे एक कोरा कागद लावून पाहा.

फुगा फुटला. सृष्टीने फूटपट्टी लावली. छिद्र ठिपक्याच्या डावीकडे चार मिलिमीटरवर होते.