शून्यगुंफेचं दुसरं दार

गुरुवारी सकाळी अवसरी बुद्रुकच्या शिवारात जीपगाड्यांना उभं राहायला जागा उरत नसे. मंचरहून, पेठहून, थेट आळेफाट्याहून माणसं यायची. माळाच्या उतारात खोदलेल्या एका खोलीपुढे रांग लागायची आणि भोंग्यावरून आवाज घुमायचा, "शून्यात जा! शून्य व्हा! शून्यनाथ महाराज तुमचा भार उतरवतील!"

आत गेलेली माणसं तासाभराने बाहेर यायची. कुणी झोकांड्या खात, कुणी दोघांच्या खांद्यावर. एखादी बाई पुरती बेशुद्ध होऊन आली, की तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडायचा आणि गर्दी जयजयकार करायची. समाधी लागली! एखाद्याला भडाभडा उलटी झाली, की सेवेकरी समजूत घालायचे, "पाप बाहेर पडतंय, पडू द्या."

तीन चमत्कार सगळ्यांच्या तोंडी होते. बाबांची धुनी पेटलेली असते, पण तिला धूर नसतो. बाबांच्या सान्निध्यात कुणालाही समाधी लागते. आणि धुनीला खेटून बसूनही बाबांना स्वतःला काही होत नाही.

बिनधुराचा विस्तव प्रत्येक कणीस भाजणाऱ्याच्या शेगडीत असतो. त्याला कोळसा म्हणतात. पण भगवं कापड गुंडाळलेल्या माणसापुढे तोच कोळसा ठेवला, की आपण त्याला हात जोडतो.

मी जया. पुण्यात इमारतींचे नकाशे तपासते. सभागृहं, दवाखाने, वसतिगृहं. आग लागली तर माणसं कुठून निघतील आणि आत हवा कुठून येईल, हे बघणं माझं काम. ती गुंफा ज्या जमिनीत होती ती माझ्या आईची, धोंडाबाईची. तिने ती बाबांना आनंदाने दिली होती. आणि गुंफा बांधली होती माझ्या थोरल्या भावाने, बाळासाहेबने. दादा बांधकामाचे ठेके घेतो. लहानपणी विहिरीत उतरताना मी ज्याचा हात धरायचे, तो हा दादा.

फोनवर आई म्हणायची, "गुरुवार झाला का डोकं लई दुखतं गं. पण बाबा म्हणत्यात, जुनं कर्म हाय, सुटताना ठणकणारच."

मी गावी आले ती थेट दादाकडे गेले.

"दादा, त्या गुंफेला खिडकी नाही, झरोका नाही. परवानगी कशी मिळाली?"

तो हसला. "कागदावर ती बटाट्याची वखार हाय."

"आत बटाटे बसतात का माणसं?"

"आता तू नियम काढू नको, जया. नियम खोलीला असत्यात. ही गुंफा हाय. तुझ्या त्या पुस्तकात गुंफा असा शब्द तरी हाय का?"

"नाही. पण नियम नाव विचारत नाही. तिथे काय चालतं ते विचारतो. शंभर माणसं बसत असतील, तर ती सभेची जागा. मग तिला गुंफा म्हणा, वखार म्हणा नाहीतर वैकुंठ म्हणा. तिला एकमेकांपासून लांब अशी दोन दारं हवीत, ती बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत, आणि जमिनीखाली असेल तर हवा खेळती ठेवायची सोय हवी."

"आपल्या जुन्नरची लेणी बघ की! हजारो वर्षं उभी हायेत. तिथं कोण गेलं व्हतं दारं मोजायला?"

"लेण्यांची तोंडं उघडी आहेत दादा. ऊनवारा सरळ आत येतो. तू तोंड बंद केलेलं लेणं बांधलंयस."

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "अगं, दुसरं दार हाय की. बाबांच्या गादीमागं, पडद्याआड. बाहेरून झेंडूची झाडं लावल्यात म्हणून दिसत न्हाय."

"उघडतं?"

"मीच बसवलंय. आईला बसवतो तिथं, तर दार न्हाय ठेवणार व्हय?"

माझ्या धंद्यात कुणाच्या शब्दावर विसंबत नाहीत, जाऊन बघतात. पण हा माझा भाऊ होता, आणि त्याने आईचं नाव घेतलं होतं. मी विश्वास ठेवला आणि गुरुवारी आईबरोबर आत गेले.

आत दाटीवाटीने माणसं बसली होती. समोर उंच गादीवर शून्यनाथ महाराज आणि त्यांच्या पायाशी लालबुंद निखाऱ्यांची भलीमोठी शेगडी. सेवेकऱ्यांनी दिसणारं एकुलतं दार आतून लोटून बंद केलं. भिंतीवरच्या कर्ण्यातून ॐकाराची घरघर सुरू झाली.

"श्वास काय आहे?" बाबा म्हणाले. "श्वास हे ओझं आहे! जन्मल्याबरोबर माणूस ते डोक्यावर घेतो. मी ते उतरवतो. डोकं जड झालं, की समजा अहंकार वर आला. मळमळलं, की पाप ढवळलं. डोळे मिटले, की पोहोचलात!"

माझंही डोकं जड होऊ लागलं. नजर गादीशेजारच्या उदबत्तीवर गेली. ज्या खोलीत वाऱ्याला शिरायला फट नाही, तिथे उदबत्तीचा धूर सरळ वर जायला हवा. तो मात्र बाबांकडून आमच्याकडे एकसारखा वाकत होता. बाबांच्या खांद्यावरची जटाही हळूच हलत होती. गादीमागून वारा येत होता.

एवढ्यात आई माझ्या मांडीवर कलंडली.

"धोंडाबाईला लागली! धोंडाबाईला समाधी लागली!" बायका टाळ्या वाजवू लागल्या. मी आईच्या गालावर चापट्या मारल्या. मान लुळी पडली होती. मी ओरडले, "दार उघडा! ही समाधी नाही, आतली हवा विषारी झालीय! ती मरतेय!"

मरण हा शब्द ऐकताच इतका वेळ शून्य झालेली माणसं एकदम उठली आणि दाराकडे धावली. दार आतल्या बाजूला उघडणारं. त्यावर सगळ्यांचा भार पडला आणि ते जागचं हलेना. श्वासाला ओझं म्हणणारे महाराज गादीवरून उडी मारून त्या गर्दीत शिरले आणि "मला आधी जाऊ द्या!" म्हणत लोकांना कोपरं मारू लागले.

मला दादाचं दार आठवलं. आईला ओढत मी गादीमागे नेलं आणि पडदा फाडला. दार होतं. छान सागवानी चौकट, पितळी कडी. मी कडी काढून फळी ओढली.

मागे भिंत होती. पक्की, विटांची, सिमेंटने सांधलेली.

मी त्या भिंतीवर तळहात टेकला. विटांची ही रचना, सांध्यावरून फिरलेली ही थापी मी ओळखते. आमच्या घराच्या सगळ्या भिंती अशाच आहेत. ती दादाच्या हातची होती.

पण खाली वीतभर रुंदीचा प्लास्टिकचा पाइप भिंतीतून आत आला होता आणि गादीच्या पाठीशी उघडत होता. त्याच्या तोंडावर छोटा पंखा फिरत होता. ॐकाराची घरघर त्याचा आवाज झाकायला होती, तेही कळलं. मी गादी लाथाडली आणि आईचं तोंड त्या पंख्याच्या झोतात धरलं. बाहेरची ओल्या मातीच्या वासाची हवा आली. आईने एक खोल श्वास घेतला, मग दुसरा.

मी मागे वळून जिवाच्या आकांताने ओरडले, "दार आत उघडतंय! मागे सरका! सगळे मागे सरका!" शेजारच्या झुंबरबाईने दाराजवळच्यांना पदराला, सदऱ्याला धरून मागे खेचलं. वितीएवढी जागा झाली. दार किलकिलं झालं आणि मग उघडलं.

सगळे वाचले. सहा जणांना मंचरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "कोंडलेल्या जागेत कोळसा धुमसला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग ग्लानी. आणखी थोडा वेळ गेला असता, तर ग्लानीतून कुणी उठलं नसतं."

दादा दवाखान्यात आला तेव्हा आईच्या नाकावर ऑक्सिजनची नळी होती.

"दाराआड भिंत कुणी बांधली?" मी विचारलं.

"बाबा म्हणले, दक्षिणेचं दार हाय, शक्ती निघून जाती. तपासणीवाल्यापुरती चौकट राहू दे म्हणले."

"आणि पाइप?"

"बाबांना गादीवर हवा लागायची, म्हणून मीच टाकला."

"म्हणजे आत हवा नाही हे बाबाला माहीत होतं. आणि तुलाही."

"मला वाटलं थोडी चक्कर येती, एवढंच. लोक खूश व्हते, जया. सगळा तालुका मला मान देत व्हता. मरंल कुणी असं न्हाय वाटलं."

आई जागी होती. तिने नळी बाजूला केली. "बाळा, मी त्या खोलीत बसती हे तुला म्हाईत व्हतं ना?"

"व्हतं."

"एक पाइप माझ्याजवळ बी लावायचा व्हतास रं."

ती भिंतीकडे तोंड करून निजली. दादाने हाक मारली. ती वळली नाही.

बाबा पोलिसांच्या ताब्यात गेले. तरी पुढच्या गुरुवारी गर्दी जमलीच. काही जण म्हणत होते, जयानेच अपशकुन केला. मी वाद घातला नाही. सगळ्यांना पाइप दाखवला, पंखा दाखवला, ते दार उघडून विटा दाखवल्या. दोन काचेच्या बरण्यांत दोन मेणबत्त्या लावल्या. एकीचं झाकण घट्ट लावलं, दुसरी उघडी ठेवली. झाकलेली विझली. "ही समाधीत गेली का?" मी विचारलं.

मग आई उठली.

"बाबा परका व्हता," ती म्हणाली. "त्यानं फसवलं त्याचं मला लई वाईट न्हाय वाटत. पण मला हवा न्हाय मिळत हे माझ्या घरात ठाऊक व्हतं. अन् माझं बी चुकलं. डोकं दुखत व्हतं, तरी मी इचारलं न्हाय का दुखतं. तुमी इचारत जा बायांनो. देवाला राग येत न्हाय इचारल्याचा. राग येतो तो ज्याला काय तरी लपवायचं हाय त्याला."

मला त्यात एकच भर घालायची आहे. कुठल्याही जागेत शिरताना, ती मठ असो, मंगल कार्यालय असो नाहीतर शिकवणीचा वर्ग, आधी बघा बाहेर पडायची वाट कुठे आहे. दोन दारं आहेत का बघा, आणि ती हाताने उघडून बघा. सांगणारा कितीही मोठा असो, कितीही जवळचा असो. मी उघडून बघितलं नव्हतं, कारण सांगणारा माझा भाऊ होता.