कोपराचं माप

"एकतीस?" लेकीने नकाशातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "मिस्त्री, हे एकतीस कुठून आणलंत?"

"मी कुठून आणणार, ताई? मास्तरांनीच फोनवर कोपर पस्तीस सांगितलं. त्यातून चार गेले, राहिले एकतीस. ओटा कोपराच्या चार इंच खाली, हा आपला नियम."

"बाबांचं कोपर पस्तीसवर? अहो, पावणेसहा फूट उंच आहेत ते!"

मिस्त्रींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलावरच्या नकाशाची घडी अंगठ्याने सपाट करत होते. पन्नास वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला सुरकुती दिसली की त्याचा हात स्वस्थ बसत नाही.

"माझं माप चुकत नाही," ते म्हणाले.

यात बढाई नव्हती. मास्तरांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. चार इंचांचा नियम ऐकूनच तर त्यांनी या मिस्त्रींना काम दिलं होतं. आधी दोघे येऊन गेले होते. एकाने मोबाइलवर चकचकीत स्वयंपाकघरांचे फोटो दाखवले आणि कोणतं आवडलं ते सांगा म्हणाला. दुसरा म्हणाला, मापाचं काय घेऊन बसलात, सगळे ओटे सारखेच असतात. मास्तरांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. रेडीमेडवाल्यांनी त्यांचं दुकान बुडवलं होतं. आता घरातही रेडीमेड आणायचं म्हणजे जखमेवर मीठच. मग या मिस्त्रींचा फोन आला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं कोपर जमिनीपासून किती?"

मास्तरांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं होतं, "पस्तीस."

"पस्तीस म्हणजे सातवीतल्या पोराचं कोपर झालं, बाबा. नाहीतर..." लेक बोलता बोलता थांबली.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आतला जुना ओटा तिथून दिसत होता, मास्तरांच्या मांडीला लागेल इतका बुटका. सव्वीस वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा मास्तरांनी बायकोला भिंतीशी उभं करून, गुडघ्यावर बसून माप घेतलं होतं. गवंडी हसला होता. बायकोही हसली होती, पण मग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमचा ओटा शिवून घेतलाय."

तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

'सांगा की त्यांना,' आतून आवाज आला. 'माझं नाव घ्यायला लाज वाटते का?'

मास्तरांनी मान वळवली नाही. वळवून उपयोग नसतो, हे त्यांना आता ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात ते दर वेळी उठून आत जायचे. आत भांडी असायची, खिडकी असायची, बाकी काही नाही. पण बाहेर खुर्चीत येऊन बसलं की पुन्हा तिचं सुरू. मीठ बघून टाका. गॅस बंद केलात का? भाजी चिरताय की लाकडं फोडताय? चाळीस वर्षांच्या संसारात ती जेवढी बोलली नसेल, तेवढी आता बोलत होती. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लेकीने पहिल्या गाडीने येऊन त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं. आणि डॉक्टरांनी गोळ्या देऊन तो आवाज बंद केला असता. त्याचीच मास्तरांना भीती वाटायची.

तसंही लेकीने निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात त्या बुटक्या ओट्यावर वाकून तांदूळ धुताना मास्तरांची पाठ अशी धरली की ते तिथेच फरशीवर आडवे झाले. शेगडीवरचं दूध आटलं, करपलं, पातेलं काळं झालं. शेजारणीला वास आला म्हणून ती धावत आली. लेक दुसऱ्याच दिवशी हजर झाली. "दोनच गोष्टी, बाबा. एक तर तुमच्या उंचीचा ओटा करून घ्या, नाहीतर माझ्याकडे चला आणि या घराला कुलूप लावा. तिसरं काही मी ऐकणार नाही."

तिच्याकडे जायचं म्हणजे खुर्ची सुटणार, दार सुटणार, आतला आवाज सुटणार. म्हणून मास्तर ओट्याला हो म्हणाले होते. आणि त्याच ओट्यासाठी त्यांनी बायकोचं माप देऊन टाकलं होतं. स्वयंपाक करणारं माणूस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचं कोपर आलंच नाही. खरं तर ते त्यांना माहीतच नव्हतं. गावभर मापं घेत हिंडले, पण स्वतःच्या अंगाला कधी टेप लावली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. नाक पुसत परत आली. "आईचं माप तोंडपाठ आहे तुमचं," ती म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण आवाजाने साथ दिली नाही.

मिस्त्री जाणता माणूस. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका. यातून मार्ग निघतो. शेगडीकडचा भाग तुमच्या उंचीचा करू. खिडकीपाशी दोन फुटांचा तुकडा एकतीसवरच राहू द्या. पीठ मळायला म्हणून करतात लोक असा. दिसायलाही वाईट दिसत नाही."

"चालेल," लेक लगेच म्हणाली. "ठेवा, बाबा. खरंच ठेवा."

मास्तरांना रडूच आलं. एवढं हवं होतं त्यांना ते! मिस्त्रींचा हात धरून हो म्हणावंसं वाटलं. खिडकीपाशीच तर ती उभी राहायची. 'बघा, लोकांना कळतं,' ती आतून म्हणाली. मास्तर त्या दोन फुटांकडे बघत राहिले.

दुकानात कधीकधी गेलेल्या माणसाचा कोट घेऊन कुणीतरी यायचं. भावाचा, वडिलांचा. आपल्या अंगाला बसवून द्या म्हणायचं. आणि टाचण्या लावायला घेतल्या की तेच माणूस कासावीस व्हायचं. खांदे नका ना कापू, मास्तर, त्यांचे खांदे असेच होते. मास्तर हसून म्हणायचे, "अहो, घालणार कोण? तुम्हीच ना? मग कापायला हवेत." किती सहज म्हणायचे! आणि खटाखट कात्री चालवायचे. समोरच्याच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. आज त्या सगळ्यांची माफी मागावी असं त्यांना वाटलं.

तो तुकडा ठेवला तर काय होईल, तेही त्यांना दिसत होतं. महिनाभरात त्याच्यावर औषधांच्या बाटल्या येतील, मग रद्दी, मग विजेची बिलं. तिच्या जागेवर.

"नको," ते म्हणाले. "सबंध ओटा एकाच उंचीचा करा. माझं माप घ्या."

"बाबा, नक्की?"

"घ्या म्हणतो ना."

मिस्त्रींनी पोलादी टेप काढली. मास्तरांनी ती बाजूला सारली आणि आपली कापडी टेप त्यांच्या हातात दिली. भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले. हात कसे ठेवायचे ते मात्र कळेना. गिऱ्हाइकांना ते नेहमी हसायचे, साधं उभं राहता येत नाही म्हणून. आता त्यांचेच खांदे पुढे आले होते, गुडघे वाकले होते. चौदा महिने तिच्या उंचीवर स्वयंपाक करून अंगाला ती सवयच लागली होती.

"सरळ उभे राहा, मास्तर," मिस्त्री म्हणाले.

मास्तरांनी पाठ भिंतीला टेकवली. कण्यातून कळ गेली. लेकीने पुढे होऊन त्यांचा उजवा हात काटकोनात धरला, आणि मिस्त्री गुडघ्यावर बसले.

"त्रेचाळीस. म्हणजे ओटा एकोणचाळीस." मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि वही उघडली. "आता कपाटांचं बघू. स्वयंपाकघर वापरणारे किती जण? त्यावरून सगळं ठरतं."

"मी," मास्तर म्हणाले.

"आणि?"

मास्तरांनी ओठ ओले केले. लेकीने अजूनही त्यांचा हात धरला होता.

"एकटाच."

हा शब्द त्यांनी आजवर तोंडातून काढला नव्हता. शेजाऱ्यांशी नाही, बँकेत नाही, लेकीशी तर नाहीच. बोलून झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि थांबले. ती आता उसळून काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, निदान भांडं तरी आपटेल. तिला असलं कधी सहन झालंय? ते थांबले, आणखी थोडं थांबले. मिस्त्री वहीत काहीतरी लिहीत होते, पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती, एवढी आत शांतता होती.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "मिस्त्री विचारतायत, तोडायला कधी सुरुवात करायची?"

"कधीही," मास्तर म्हणाले. "आता कधीही चालेल."