कन्यादानाची घाई

लघवीच्या जागेचं बोलणं निघणार म्हणून सगुणाबाई डॉक्टरांच्या खोलीत गेलीच नाही. बाहेर बाकावर पिशवी धरून बसली. आत तिच्या नवऱ्याला, रंगनाथला, डॉक्टर नीट समजावून सांगत होते. प्रोस्टेटमध्ये कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा आहे, हळूहळू वाढणारा आहे. आत्ताच ऑपरेशन केलं तर फायद्यापेक्षा त्रास जास्त व्हायचा. ठरावीक महिन्यांनी रक्त तपासू, लागलं तर पुन्हा तिथला तुकडा काढून तपासू. वाढलाच तर उपचार करू, तोवर लक्ष ठेवू.

रंगनाथने मान डोलावली खरी, पण त्याचा जन्म गेला होता अंबडच्या कारखान्यात माल तपासण्यात. ना पास, ना रद्द अशा मालाला तिथे 'होल्ड'ची चिठ्ठी लावून रॅकवर ठेवायचे. तो रॅक त्याला डोळ्यांसमोर नको व्हायचा. आता स्वतःच त्यावर जाऊन बसला होता.

रिक्षात बायकोने विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कॅन्सर आहे. आत्ता काही करायचं नाही म्हणतात."

झालं! सगुणाबाईच्या भावाच्या वेळीही डॉक्टर असंच म्हणाले होते, घरी न्या, हवं ते खाऊ घाला. पंधरवड्यात भाऊ गेला होता. तिने त्याच संध्याकाळी फोन फिरवले आणि पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत माणसांची रीघ लागली. कुणी शहाळी आणली, कुणी मोसंबी. पाहुणे सुतकी चेहरा करून बसायचे आणि धडधाकट रंगनाथ त्यांना चहा करून द्यायचा. त्याला राग यायचा, हसूही यायचं.

मग दिंडोरीहून त्याची थोरली बहीण आक्काबाई आली. ती आल्या आल्या मुद्द्यावरच आली.

"रंगा, सिन्नरचं स्थळ अजून थांबलंय. मानसं लय चांगली हायेत. बापाच्या हातनं कन्यादान व्हऊ दे बाबा. मागनं चुलत्याला पाटावर बसवायची येळ नको."

ते स्थळ रंगनाथच्या लेकीने, सायलीने, कधीच नाकारलं होतं. लग्नानंतर नोकरी सोडायची, ही त्यांची अट होती. सायली अंबडला एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करायची आणि त्या कामावर तिचा जीव होता. आता ती दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, मी हो म्हणते."

"अगं, या आजाराची कितीतरी माणसं म्हातारी होऊन भलत्याच कशाने जातात. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"मग तुम्ही पहाटे उठून मोबाइलवर काय वाचत बसता?"

दुसऱ्याला धीर द्यायला रंगनाथकडे शब्द होते, पण त्याचाच त्यांच्यावर विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर त्याला मोहही झाला. लेकीला एकदा पिवळ्या शालूत बघावं, मग काय व्हायचं ते होवो. सायली खाली मान घालून दुपट्ट्याचं टोक पिळत होती. तिच्याकडे बघून त्याला स्वतःची लाज वाटली.

आक्काबाईने तोवर सिन्नरला फोन लावून त्याच्या हातात दिलासुद्धा.

"नमस्कार," रंगनाथ म्हणाला. "मुलीचा नकार आहे, तो तसाच आहे. माझ्या तब्येतीचं म्हणाल, तर मी आहे अजून."

आक्काबाई फणकारली, "लय शाना झाला!" सगुणाबाई मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "आणि उद्या तुम्ही नसलात तर? कोण करेल हिचं कन्यादान?"

"तू. पाटावर तू बसायचं. ना दीर, ना आणखी कुणी," रंगनाथ म्हणाला.

"आगं बया! पांढऱ्या कपाळाची बाई पाटावर?" आक्काबाईने तोंडावर हात ठेवला.

"आमच्याकडे बसेल."

सगुणाबाई खाली बसली. पदर तोंडात धरून तिने रडून घेतलं. कुणी तिला गप्प केलं नाही. रंगनाथलाही रडावंसं वाटत होतं, पण तो शहाळ्यांकडे बघत उभा राहिला.

मग तिने डोळे पुसले.

"रक्त द्यायला परत कधी जायचंय?"

"पुढच्या महिन्यात."

"मी आत येणार," ती म्हणाली. "कसलंही बोलणं निघू दे. डॉक्टर काय म्हणतात, ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."