उलटा तक्ता

बसडेपोत तिला सगळे घार म्हणायचे. वर्षातून एकदा प्रत्येक ड्रायव्हरला तिच्या खोलीत यावं लागायचं. सहा मीटरवर खुर्ची, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि वाचायचं. बोटांच्या फटीतून बघणारे, पापण्या बारीक करणारे, गुपचूप खुर्ची पुढे ओढणारे, सगळे तिच्या तावडीत सापडायचे. घारीच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय, असं ड्रायव्हर स्वतःच सांगायचे. पाठीमागे शिव्या घालायचे, ते वेगळं.

या वर्षी पहिल्याच दिवशी तिला संशय आला. आठ जण आले आणि आठही जणांनी शेवटून दुसरी ओळ एका दमात म्हणून टाकली, पाढे म्हणावेत तशी. प, ट, न, र, ग. म्हणजे पठ्ठे बाहेर बाकावर बसून ओळ घोकत होते! तिचं डोकंच सटकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता तिनं तक्ता उलटा करून टांगला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. या म्हणावं आता.

आणि पहिला आला तो तिचा दादाच.

सख्खा थोरला भाऊ. एकाच घरात वर तो, वहिनी आणि दोन पोरं, खाली ती. एकवीस वर्षं बस चालवत होता. वडील गेल्यावर तिचं शिक्षण त्यानंच केलं.

"काय घारूबाई, चहा पाजणार की नुसतीच बसवणार?"

"गप बस आणि डावा डोळा झाक. शेवटून दुसरी ओळ वाच."

दादानं मान ताठ केली. "प, ट, न, र, ग."

समोर होतं म, ल, घ, च, द.

अक्षरं दाखवायची छडी तिनं पुन्हा त्याच ओळीवर टेकवली. "परत वाच."

"प, ट, न, र, ग. काय गं, तुलाच दिसत नाही की काय?" दादा हसला.

तीही हसली. हसून कागदावर 'नजर ठीक' लिहिलं आणि खाली सही केली. घरी बोलू, तिनं मनाशी ठरवलं. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ, बोभाटा कशाला? त्याच दिवशी तिनं आणखी तिघांना पकडलं आणि चष्मा लावल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही म्हणून घरी पाठवलं. त्यातला एक जाताना म्हणाला, "बाई, तुमच्या घरचं कुणी असतं ना, मग कळलं असतं."

घरी ती बोललीच नाही. आज बोलू, उद्या बोलू. जेवताना दादा समोर बसला की ही ताटात बघायची. दादा चाळीस माणसं घेऊन निघायचा आणि ही खिडकीतून बस फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहायची.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, दादाची बस डेपोच्या फाटकातून आत वळली. फाटकाच्या खांबावर पेंटर शिडी लावून पिवळे पट्टे मारत होता. बसचा कोपरा शिडीला लागला, पेंटर खाली पडला, मनगटाचं हाड मोडलं.

संध्याकाळपर्यंत डेपोच्या साहेबांनी अपघाताचा अहवाल लिहूनही टाकला. "ड्रायव्हरची नजर तपासलेली आहे, तीही आत्ताच. तू तपासलेली म्हणजे बघायलाच नको," ते तिला म्हणाले. "शिडीच वाटेत होती. पेंटरला उद्यापासून यायची गरज नाही. ड्रायव्हरच्या नजर तपासल्याच्या कागदाची प्रत तेवढी आणून दे."

प्रत घेऊन ती बाहेर आली तर पेंटर बाकावर बसलेला, हात प्लॅस्टरमध्ये.

"ताई, डोळे तुम्हीच तपासता ना?" तो म्हणाला. "माझे पण तपासा की. एवढी मोठी बस मलाच दिसली नाही म्हणतात."

 ती तडक आवारात गेली. दादा रिकाम्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता.

"दादा, त्या दिवशी तक्ता उलटा होता."

दादानं स्टेअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाला, "म्हणजे तुला कळलं होतं?"

"हो."

"मी घोकूनच आलो होतो गं. पण वाटलं होतं, तू पकडशील. तू पकडलंस की सोडून द्यायची गाडी, असं ठरवून आलो होतो. माझ्या तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तू ठीक लिहिलंस. म्हटलं, घार म्हणतेय म्हणजे अजून तेवढं वाईट नसेल."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं त्याला हाताला धरून उठवलं. "चल."

साहेबांच्या टेबलावर तिनं प्रत ठेवली. "साहेब, हे खोटं आहे. पेंटरची चूक नाही."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणी केलं खोटं?"

"मी. मला दिसलं होतं, तरी सही केली."

"नोकरी जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मीही फसवलंय," दादा मागून म्हणाला. "मलाही लिहून द्यायचंय."

साहेबांनी दोन कोरे कागद सरकवले. तिचं लगेच लिहून झालं. दादाचं होईना. तो कागदावर इतका वाकला होता की नाक टेकायचं बाकी होतं, आणि तरी ओळी एकमेकींवर चढत होत्या. खाली सही करायची जागा तो बोटानं चाचपत होता, सराव असल्यासारखा. हा घरी बँकेच्या कागदांवर, पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर असाच चाचपून सही करत असणार, कितीतरी महिने. आणि अख्ख्या डेपोची घार त्याच घरात खालच्या मजल्यावर राहत होती.